जावईबापूंनी केलेली माझी दुरुस्ती

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी गोष्ट ऐकून लोक हळहळतात. मला स्वतःला मात्र हळहळ वगैरे काही वाटत नाही, नुसती किळस येते.

माझा जन्म एका लख्ख कारखान्यात झाला. हातमोजे घातल्याशिवाय तिथे कुणी मला शिवत नसे. तिथून मी माझ्या मालकांच्या टेबलावर आलो. मालक छापखान्यात मुद्रितशोधक होते, म्हणजे पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधणं हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी माझ्यावर एक कोश लिहायला घेतला. सुतार, लोहार, गवंडी यांच्या हत्यारांची जुनी नावं त्यात होती. मालक म्हाताऱ्या कारागिरांपुढे जाऊन बसत, नावं विचारून टिपून घेत आणि घरी येऊन टाइप करत. टाइप झालं की कागद फाडून टाकत. एकाच मजकुराच्या दोन प्रती असल्या की त्यांत फरक पडतो आणि मग खरी कोणती हे कळत नाही, अशी त्यांना आयुष्यभराची धास्ती. नऊ वर्षांत चार हजार शब्द जमले, आणि ते फक्त माझ्यात होते. सांगणाऱ्यांपैकी निम्मे तोवर वारलेही होते.

त्या काळात मी फार लाडका होतो. मालक रोज चष्म्याच्या फडक्याने माझा पडदा पुसत. पुढे मी थकलो. माझ्यातलं विंडोज सुरू होईपर्यंत मालकांची दाढी उरकायची. पण त्यांनी कधी तक्रार केली नाही. कोश संपला होता आणि सोमवारी प्रकाशकांकडे जायचा होता.

आदल्या दिवशी, रविवारी, जावईबापू आले. हे मोटारी विकण्याच्या दुकानात काम करतात आणि त्यांना जगातलं सगळं कळतं. मुलगी कामावर होती, ती संध्याकाळी येणार होती. जावईबापूंनी बटाट्याचे वेफर खाता खाता मला मांडीवर ओढलं. शी! ती तेलकट बोटं, कळांच्या फटींत पडणारा तो चुरा, आणि वर अंगठा चाटून त्याच अंगठ्याने पडद्यावरचा डाग पुसणं! नऊ वर्षांत माझी अशी विटंबना कुणी केली नव्हती.

"बाबा, किती हळू आहे हा! विंडोजसारखंच, पण हलकं असं लिनक्स बसवून देतो," ते म्हणाले. "विंडोजला धक्का नाही लावायचा. दोघं शेजारी शेजारी नांदतील."

"तुम्ही म्हणाल तसं," मालक म्हणाले.

जावईबापूंनी मला बंद केलं. पण माझं विंडोज पुरतं बंद होत नसे, अर्धवट झोपायचं. लिनक्सने तसं स्वच्छ बजावलं, की आधी विंडोज नीट बंद करून या. जावईबापूंनी ते वाचलंच नाही. 'पुढे' दाबलं, पुन्हा 'पुढे' दाबलं, आणि मधेच अडकल्यावर बटण दाबून धरून माझा गळा आवळला. त्यानंतर माझ्या काळ्या पडद्यावर एक ओळ तेवढी उरली. ना विंडोज, ना लिनक्स.

मग सुरू झाला दुरुस्तीचा तमाशा. त्यांनी माझ्या आतल्या सेटिंग एकामागून एक बदलल्या. आधी काय होतं ते कुठे लिहून ठेवलं असेल तर शपथ! मूळ शब्द वाचता येईल असा ठेवूनच दुरुस्ती करायची, हे ज्या माणसाने छापखान्यातल्या पोरांना चाळीस वर्षं शिकवलं, तो शेजारच्या खुर्चीत मूग गिळून बसला होता.

शेवटी पेनड्राइव्हवरून लिनक्स तात्पुरतं सुरू झालं आणि माझ्या डिस्कवरच्या फाइली पडद्यावर आल्या. कोशही तिथेच होता, शाबूत. मालकांनी तो पाहिला, पुढे वाकले, घसा खाकरला. आता बोलतील, म्हणतील की आधी एवढं बाहेर काढून ठेवा.

"चहा घेणार का?" मालक म्हणाले.

जावईबापूंनी होकार दिला आणि सगळं नव्याने बसवायला घेतलं. पडद्यावर सूचना आली, की या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. मालकांनी सवयीप्रमाणे ओळीवरून बोट फिरवत ती दोनदा वाचली.

"यात 'सगळं' असं लिहिलंय," ते हळूच म्हणाले.

"ते असंच लिहितात हो, बाबा."

मालकीणबाईंनी मालकांना कोपराने ढोसलं. "त्यांना कळतं त्यातलं," त्या म्हणाल्या. आणि जावईबापूंनी बटण दाबलं.

संध्याकाळी मुलगी आली. कोश कुठे आहे असं तिने विचारल्यावर मालकीणबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. तिने मला तसंच दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने तासभर शोधलं आणि सांगितलं, जुन्या जागेवर नवं लिहिलं गेलंय, आता काही हाती लागणार नाही.

घरी आल्यावर तिने वडिलांना एवढंच विचारलं, "तुम्ही समोर होतात ना?"

"होतो."

"सूचना वाचलीत?"

"दोनदा."

"मग?"

"अगं, जावई आहेत. त्यांना कसं बोलणार?"

"मला एका स्वल्पविरामासाठी अख्खी वही परत लिहायला लावायचात, बाबा," ती म्हणाली.

आता मी भराभर सुरू होतो. परवा मालकांनी कोरी फाइल उघडली आणि कोशातला पहिला शब्द टाइप केला. त्याचा अर्थ त्यांना आठवेना. ज्याने सांगितला तो लोहार हयात नाही. तेवढ्यात जावईबापू आत आले. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि विचारलं, "काय बाबा, पळतोय की नाही आता?"

"पळतोय," मालक म्हणाले, आणि वर हसलेसुद्धा.

मित्रांनो, मला पुसायला मऊ फडकं घ्या, माझ्यावर बसून खाऊ नका, आणि माझ्यातल्या मजकुराची एक प्रत दुसरीकडे ठेवा. आणि समोर चूक दिसली, की ती करणारा कुणीही असो, तोंड उघडा. मला तोंड नव्हतं.