माझा खेकडा बरोबर होता

मी एक जुना कापडी तक्ता आहे. भिवपुरीच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी आहे. तिथल्या शाळेत माझं आयुष्य गेलं. मित्रांनो, मी कारखान्यात जन्मलो नाही. वनिताबाई नोकरीला लागल्या त्या वर्षी त्यांनी कर्जतच्या बाजारातून मांजरपाट आणला, कडांना शिलाई मारली आणि माझ्यावर एकेक चित्र रंगवलं. मोहाचं फूल, बांबूची टोपली, कंटोळी, खेकडा. त्या पट्टी ठेवून "हे काय?" विचारायच्या आणि सगळा वर्ग ओरडून नाव सांगायचा. साहेब तपासणीला आले की आधी माझं कौतुक व्हायचं. मला वाटायचं, बाईंचं थोरलं लेकरू मीच.

मग बाई खालापूरला प्रशिक्षणाला जाऊन आल्या आणि त्यांच्या मोबाइलमध्ये ती कृत्रिम बुद्धिमत्ता आली. बाई तिला म्हणायच्या, "दुसरीच्या मुलांसाठी सोपी गोष्ट दे." लगेच गोष्ट हजर. "यावर प्रश्न काढ." प्रश्नही हजर. माझा एक खेकडा रंगवायला बाईंचा अख्खा रविवार गेला होता! मला अर्धवट गुंडाळून कपाटावर ठेवलं. तिथून मी सगळा वर्ग बघायचो आणि जळायचो.

वर्गात चिंधी नावाची मुलगी होती. ती शाळेत तोंडच उघडायची नाही. दिवाळी सरली आणि तिची आई सुंदरा दारात आली.

"बाई, आमी वीटभट्टीवर निगालो. हिला नेते. धाकट्याला तरी सांबाळंल. हितं नुस्ती मुकी बसती."

"सुंदरा, थोडं थांब गं," बाई कळवळून म्हणाल्या.

"सोमवारी टेंपो येनार हाय."

दुसऱ्या दिवशी बाईंनी मोबाइलकडे खेकड्याची गोष्ट मागितली आणि वाचून दाखवली. त्या गोष्टीतली मुलं होडीत बसून समुद्रात गेली आणि जाळं टाकून खेकडे धरू लागली. पोरं खो खो हसली. मला तर उकळ्या फुटल्या. चुकलं एकदाचं! आता बाई मला खाली काढणार!

पण बाईही हसल्या. "याने आपली वाडी पाहिलीच नाही रे. मग याला कोण सांगतं?"

कोपऱ्यातून बारीक आवाज आला. "दर्यात नाय. व्हाळात. दगडाखाली."

चिंधी बोलत होती!

"आय हात घालती. मागून धरायचा, नायतर बोट पकडतो."

बाईंनी तिचे शब्द जसेच्या तसे मोबाइलला सांगितले, व्हाळ म्हणजे ओढा हेही. नवी गोष्ट आली, तिच्यातही चूक निघाली. चिंधी उठून पुढे आली आणि तीही चूक तिने सुधारली.

मित्रांनो, तेव्हा मी सगळ्यात जास्त जळलो. माझा खेकडा बरोबर होता, म्हणून त्याला कधी कुणी काही सांगितलं नाही. त्या मेल्याचा चुकला, आणि मुकी पोर बोलती झाली.

सोमवारी सुंदरा आली, तेव्हा चिंधी उभी राहून तीच गोष्ट वाचत होती.

"अगं, ही तर माजीच गोष्ट सांगती!" सुंदरा हसली. मग उंबऱ्यावर बसून तिने गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. उठताना म्हणाली, "ऱ्हाऊ दे हिला. सासू हाय घरी." धाकट्याला कडेवर घेऊन ती टेंपोत चढली. टेंपो वळेपर्यंत चिंधी दारातून हलली नाही.

मला आनंद झाला का? झाला. पण जळणं काही थांबलं नाही. गोष्ट मोबाइलने दिली, पण "याला कोण सांगतं?" हे बाईंनी विचारलं, आणि ते श्रेयही लोक त्यालाच देतात.

म्हणून एक विनवणी आहे. मला असं कपाटावर उंदरांच्या तोंडी देऊ नका. झटका, उन्हात घाला, पुन्हा खिळ्याला टांगा. आणि माझ्या खेकड्यावर पट्टी ठेवून "हे काय?" विचारू नका. "हा तुला कुठे भेटला?" असं विचारा. मग बघू, पोरं कुणाशी जास्त बोलतात ते!