खुर्चीची परीक्षा

वृद्धाश्रमाच्या बैठकीच्या खोलीतल्या लाकडी खुर्च्या बदलायचं ठरलं, कारण म्हातारी माणसं त्यांवरून उठायची. उठली की चालायची, चालली की पडायची, आणि पडली की नातेवाईकांचे फोन यायचे. एरवी ते येत नसत, त्यामुळे संचालिकाबाईंना सवय नव्हती.

फर्निचरवाला नमुन्याच्या खुर्च्या घेऊन आला. बसवून बघायला बोलावलं आश्रमातल्या मास्तरीणबाईंना. जन्म शाळेत गेलेला. मत विचारलं की बाई खुलायच्या. शिवाय त्यांचा उठण्याचा सराव जोरात होता. मुलानं शब्द दिला होता, "आई, कुणी हात न देता उठलीस की त्याच दिवशी घरी. आम्ही दोघंही कामावर, तुला उचलणार कोण?" तेव्हापासून, आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलेल्या उठाबशा बाई आता स्वतः काढत होत्या.

"बसा मावशी," फर्निचरवाला म्हणाला.

पहिल्या खुर्चीतून बाई टुणकन उठल्या. संचालिकाबाईंनी नाक मुरडलं. दुसरीतून कण्हत, पण उठल्या. तिसरी खोल, मऊ, मागे कललेली. बाई तीत गेल्या त्या गेल्याच. पाय अधांतरी.

"पुन्हा जोर लावा ना आजी," शेजारी उभी असलेली सेविका म्हणाली.

लावला. बाईंनी कधी कुणाला फुकट गुण दिले नव्हते. "छे! ही नापास."

"हीच द्या," संचालिकाबाई फर्निचरवाल्याला म्हणाल्या. "सगळ्या हिच्यासारख्या. रंग मात्र डाग न दिसणारा."

रविवारी मुलगा आला तोवर लाकडी खुर्च्या भंगारात गेल्या होत्या. तो समोरच्या नव्या खुर्चीत ऐसपैस बसला. "हं आई, दाखव उठून."

बाई लालबुंद होईपर्यंत झटल्या. "अरे, पलंगावरून उठते मी. खोलीत चल, दाखवते."

"नातेवाईकांना आत सोडत नाहीत," सेविका म्हणाली.

"मग तू ऊठ बघू हिच्यातून!" बाईंनी मुलाला फर्मावलं.

मुलगा उठायला गेला आणि परत बसला. पुन्हा गेला, पुन्हा बसला. शेवटी सेविकेनं दोन्ही हात धरून त्याला उपसून काढलं.

"बघ! तुलाही नाही जमलं!" बाईंनी टाळी वाजवली.

"मला कुठे अट होती, आई?" शर्ट नीट करत तो म्हणाला. मग संचालिकाबाईंकडे वळून त्यानं मनापासून आभार मानले. "त्या कडक खुर्च्या बघून जीव तुटायचा हो. आता निर्धास्त झालो."

तो दारापर्यंत पोचला तेव्हा बाई मागून ओरडल्या, "अरे, पुढच्या वेळी घरून स्टूल घेऊन ये!"

"बाहेरचं फर्निचर इथे चालत नाही, आजी," सेविका म्हणाली, आणि तिनं त्यांच्या मांडीवर पांघरूण नीट खोचलं.