कडू साखर आणि अर्धं बटण

साखरबाबांचं बिंग फुटलं. भरदिवसा, गच्च भरलेल्या जिन्यासमोर, पुराव्यासकट फुटलं. आता हे झालंच नाही असं समजून पुढे वाचा. आमच्या गल्लीनेही तसंच समजून घेतलंय आणि मला गल्लीशी वाकडं घ्यायचं नाही.

तर, लाँड्रीवरच्या खोलीत साखरबाबा बसायचे आणि रांग जिन्यावरून थेट इस्त्रीच्या टेबलापर्यंत यायची. बाबा जिभेवर चिमूटभर साखर ठेवत. गोड. मग मूठ मिटून तिच्यावर फुंकर मारत आणि त्याच मुठीतली चिमूट पुन्हा जिभेवर. कडूजहर! "दुखणं साखरेत उतरलं," बाबा म्हणत. "जेवढी कडू, तेवढं जुनं." मग त्या कडू साखरेची पुडी मिळे. दक्षिणा काही नाही. फक्त घरातल्या उरल्यासुरल्या गोळ्या बाबांपुढच्या पेटीत टाकायच्या, कारण दोन्ही डगरींवर हात ठेवून कुणी बरं होत नाही.

आईला तिथे मावशीने नेलं. आई शिवणकाम करते. तिला लघवीचा संसर्ग होता. तो जायचा आणि हक्काच्या माहेरी आल्यासारखा परत यायचा. शिवण अर्ध्यात सोडून ती उठायची आणि दात आवळून परत मशीनवर बसायची. डॉक्टर दरवेळी अँटिबायोटिकचा कोर्स द्यायचे. जळजळ थांबली की आई गोळ्या थांबवायची आणि उरलेल्या बटणांच्या डब्यात ठेवायची. उरलेलं कापड आणि उरलेली गोळी टाकायची नाही, हा तिचा शिंपीधर्म. पुन्हा जळजळ सुरू झाली की डब्यात हात. त्यात तिने बटण कधी गिळलं नाही, एवढीच काय ती खबरदारी.

शिवाय डॉक्टर विचारतात: कुठे, कसं, कधीपासून. बाबा काहीच विचारत नाहीत. आईला हे फार आवडलं. तिने डबा पेटीत पालथा केला.

पहिल्या पुडीनंतर जरा उतार पडला. "बघ ताई," मावशी म्हणाली, "आता तुझा शहाणा मुलगा काय म्हणतो?" शहाणा मुलगा म्हणजे मी. मग आईला थंडी वाजून ताप भरला, कंबर धरली, आणि मावशीने आणखी पुड्या आणल्या.

त्यातली एक खाताना आईच्या दाताखाली कचकन काही आलं. तिने ते तळहातावर थुंकलं. मी म्हटलं, खडीसाखर असेल. तिने ते उजेडात धरलं.

"अर्धं बटण आहे. लाँड्रीवाल्याच्या शर्टाचं उरलेलं. डब्यात होतं माझ्या."

तिने ते पदराने पुसलं. मग म्हणाली, "म्हणजे मी माझ्याच गोळ्या खातेय रे."

पुडी आणि आईची लघवी घेऊन मी लॅबमध्ये गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एका काचेच्या बशीत साधे जंतू वाढवले. त्यात एका बाजूला वाण्याकडची साखर ठेवली, दुसऱ्या बाजूला बाबांची. वाण्याच्या साखरेला जंतू अगदी खेटून वाढले. बाबांच्या साखरेभोवती मात्र जंतू मरून स्वच्छ गोल पडला. त्या म्हणाल्या, यात लोकांच्याच गोळ्या कुटून घातल्या आहेत, म्हणून कडू आणि म्हणूनच काहींना दोन दिवस बरं वाटतं. दुसऱ्या बशीत आईचे जंतू होते. तिथे बाबांच्या साखरेभोवती गोल नव्हता. शेजारी ठेवलेल्या, नेहमीच्या औषधांत भिजवलेल्या कागदी टिकल्यांभोवतीही नव्हता. एका टिकलीभोवती होता, तोही बारीकसा.

"अर्धवट औषधं खाऊन खाऊन सराईत जंतूच मागे उरलेत," त्या म्हणाल्या. "आता हे एक इंजेक्शन उरलंय. लागू पडावं. खात्री देत नाही."

डॉक्टरीणबाई दोन्ही बश्या झाकणं चिकटवून जिन्यावर आल्या. आई कठड्याला धरून उभी होती. बाईंनी सगळं समजावलं आणि बाबांना मूठ उघडायला लावली. तळव्यातून गोड साखर पडली, बोटांच्या बेचक्यातून कडू. बाबा शांतपणे बशीवर वाकले.

"साखरेभोवती तेज पडलंय," ते म्हणाले.

मावशीने बशीला हात जोडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अहो, ते औषध आहे. "मग आम्ही काय वेगळं म्हणतोय?" लाँड्रीवाला म्हणाला. बिनगोलाची बशी कुणाची, असं कुणीतरी विचारलं. माझी, असं आई म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे कीव करत पाहिलं. श्रद्धा कमी पडली असणार.

आता आई दवाखान्यात आहे. सलाइन थेंबथेंब उतरतं, ताप उतरतो आणि पुन्हा चढतो. "या वेळी अर्ध्यात सोडणार नाही," ती म्हणते. मी मान हलवतो.

तुम्ही तरी ऐका. डॉक्टरांनी दिल्याशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका, त्यांना न विचारता मध्येच सोडू नका, आणि घरात गोळ्या उरल्याच तर त्या परत वापरू नका, कुणाला देऊही नका. फुंकरीने साखर कडू होत नाही. ती कुणीतरी करतं.

सबब, माझ्या आईच्या शरीरात विनापरवाना मुक्काम करून असलेल्या समस्त जंतूंना विनंती करण्यात येते की, त्यांनी आजवरचा अनुभव विसरून, चालू इंजेक्शनास सहकार्य करावे व सदर जागा तात्काळ रिकामी करून द्यावी. ताबा घेण्यास मुलगा खाटेशेजारी हजर आहे. कळावे.