फलकावरचं नाव

सत्तावन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदा विमानात बसलो, तेही वल्ही मारायला. "डर्बनचा समुद्र आटलाय का?" असं माझी बायको दोन महिने ऐकवत होती. हे सगळं घडवून आणलं प्रेश्नीनं. ती शाळेत गणित शिकवते, वयाचा मान म्हणून मला बाबा म्हणते, आणि आमच्या जीवरक्षक क्लबात तिच्या जिभेला सगळे वचकून असतात.

"बाबा, आयुष्यभर लोकांना समुद्रातून बाहेर काढलंत. आता एक आठवडा स्वतः घराबाहेर पडा," असं म्हणून माझ्या पासपोर्टचा अर्जसुद्धा तिनंच भरला.

आमच्या तिघांतला तिसरा नेव्हिल. उंच, टकला गोरा, नाकाला बारा महिने पांढरं मलम फासलेला. घरांना वीज जोडून देण्याचा त्याचा धंदा. मी क्लबात आलो ते शहाण्णव साली, म्हणजे आम्हा काळ्यांसाठी दारं उघडल्यावर. तेव्हापासून दर रविवारी पहाटे पाचला नेव्हिलची गाडी उमलाझीत, आमच्या काळ्यांच्या वस्तीत, माझ्या दारासमोर उभी राहायची. टपावर दोन सर्फस्की बांधलेल्या. सर्फस्की म्हणजे जेमतेम दोन वीत रुंद आणि वीस फूट लांब अशी होडी. तिच्यावर बसायचं, पायांनी सुकाणू फिरवायचं आणि पाठीमागून येणाऱ्या लाटांवर घसरत जायचं. तेवीस वर्षं आम्ही दोघं असे घसरतोय.

मॉरिशसला आम्ही जोस्लँच्या घरी उतरलो. हा कोळ्याचा मुलगा, आता पन्नाशीचा. तो पाहुण्यांना होड्या देतो, शिकवतो, रांधून घालतो आणि शिव्याही घालतो. जुलै महिना, आग्नेयेचा वारा दिवसरात्र सुटलेला. सकाळी त्यानं आम्हाला सेंट फेलिक्सच्या किनाऱ्यावर सोडायचं आणि आम्ही वारा पाठीशी घेऊन ले मॉर्नच्या डोंगरापर्यंत यायचं, असा बेत होता.

रविवारी त्यानं आम्हाला प्रवाळाच्या भिंतीच्या आतल्या शांत पाण्यातच ठेवलं. मुद्दाम पडायचं आणि परत चढायचं. तासभर तेच.

"मला हे येतं हो," मी म्हटलं.

"येतं ना? मग वीस वेळा करून दाखव," जोस्लँ म्हणाला.

प्रेश्नी इतकी हसली की न सांगता पाण्यात पडली.

सोमवारी बाहेर पडलो. काय सांगू! आमच्याकडे लाटा भांडकुदळ. इथं एकामागून एक, लांबलचक, निळ्या. एकीवरून उतरलो की दुसरी हजर. मी मोठमोठ्यानं गात होतो, हे मला किनाऱ्यावर आल्यावर प्रेश्नीनं सांगितलं. "बाबा, मासे पळाले," ती म्हणाली.

मंगळवारी मात्र माझी चांगलीच जिरली. ले मॉर्नपाशी आत यायला प्रवाळाच्या भिंतीत एकच खिंड आहे. जोस्लँनं पढवून ठेवलं होतं, लाट पुढे जाऊ द्यायची, तिच्या पाठीमागून शिरायचं. पण मी पडलो डर्बनचा गडी. मोठी लाट दिसली आणि सवयीनं बसलो तिच्यावर. तिनं मला उचललं, आडवं केलं आणि प्रवाळावर घासलं. गुडघ्याची साल निघाली, वल्हं हातातून सुटलं. नेव्हिल वळून माझ्याकडे आला, माझी होडी धरून ठेवली, आणि मी वर चढेपर्यंत हललाही नाही.

दुपारी जेवायला बसलो तेव्हा जोस्लँचा पारा चढलेलाच होता. मोहरी-हळदीतला मासा आणि भात वाढता वाढता तो म्हणाला, "म्हणे जीवरक्षक! इतकी वर्षं काय वाळू मोजत होतास?"

सगळे हसले. मीही हसलो. आणि कसं कोण जाणे, जी गोष्ट मी बायकोशिवाय कुणाला सांगितली नव्हती ती सांगून बसलो.

"पंच्याऐंशी सालच्या जानेवारीत मी तेवीस वर्षांचा होतो, जीवरक्षक म्हणून कामाला. तेव्हा आमचा काळ्यांचा किनारा वेगळा होता, शेजारी गोऱ्यांचा. मध्ये वाळूत पाटी. एका रविवारी पाटीच्या पलीकडे एक मुलगी आत ओढली जाताना दिसली. त्यांच्या मनोऱ्यावर कुणी नव्हतं. मी वाट पाहिली. शिट्टी मारली. मग आमची ती जुनी जड स्की उचलली आणि गेलो. तिला स्कीवर घेतलं, त्यांच्या किनाऱ्यावर आणलं. एक पोरगेला गोरा गार्ड धावत पाण्यात आला. मी तिला त्याच्या हातात दिली. तोवर पोलीस आलेच. पाटी ओलांडली म्हणून. साहेबांनी सहा महिने मला पाण्यात उतरू दिलं नाही. कपडे बदलायच्या खोल्या धुवायला लावल्या."

"आणि ती मुलगी?" प्रेश्नीनं विचारलं.

"खोकत होती. म्हणजे जिवंत होती. पुढचं माहीत नाही."

जोस्लँनं माझ्या ताटात माशाचा मोठा तुकडा वाढला. नेव्हिल उठला आणि भांडी घासायला गेला. आमची जेवणं व्हायची होती.

बुधवारी सकाळी वारा जरा पडला होता. जोस्लँ प्रेश्नीला वळणं शिकवत होता आणि आम्ही दोघं आतल्या पाण्यात सावकाश वल्हवत होतो. नेव्हिल म्हणाला, "थांब जरा."

आम्ही होड्या शेजारी शेजारी लावल्या, पाय पाण्यात सोडले. त्या डुलू नयेत म्हणून मी त्याची होडी धरली, त्यानं माझी.

"तो पोरगेला गार्ड मी होतो," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. "कुठला गार्ड?"

"ज्याच्या हातात तू तिला दिलीस तो. माझी पाळी होती, लिंडानी. मी मनोऱ्यामागे एका पोरीशी गप्पा मारत बसलो होतो. लोक जमले तेव्हा ती माझ्या हातात होती. सगळ्यांना वाटलं मीच काढली. पेपरवाला आला. माझे बाबा आले. क्लबानं पदक दिलं. मी नाही म्हणालो नाही."

"पदक," मी म्हटलं.

क्लबात दिवाणखान्याच्या भिंतीवर लाकडी फलक आहे. शौर्य पदकं, साल आणि नाव, सोनेरी अक्षरांत. पंच्याऐंशीसमोर नेव्हिलचं नाव आहे, हे मला माहीत होतं; कशासाठी ते मी कधी विचारलं नव्हतं. वार्षिक सफाईला तो फलक मीच पुसतो.

"मला कधी ओळखलंस?"

त्यानं खाली पाहिलं. "तू पहिल्या दिवशी क्लबात आलास तेव्हाच."

तेवीस वर्षं. मी त्याच्या होडीवरचा हात काढला. ती डुलली, तो सावरला. मी वल्हं उचललं आणि निघून गेलो. किती वेळ वल्हवत होतो देव जाणे. गुडघ्याच्या जखमेत मीठ झोंबत होतं, बरं वाटत होतं ते झोंबणं.

पदकाचं मला फारसं काही वाटलं नाही. खरंच सांगतो. जिव्हारी लागलं ते वेगळंच. माझ्या आईला पुरलं तेव्हा खड्ड्याशी उभा राहिलेला हा माणूस. माझ्या मुलीच्या लग्नात आमच्या बायकांबरोबर वेडावाकडा नाचलेला हा माणूस. पहाटे पाचची ती गाडी. हे सगळं काय होतं? मैत्री होती, की त्या मुलीची भरपाई चालली होती? आणि भरपाई असेल, तर तेवीस वर्षं मी कुणाबरोबर वल्हवत होतो?

गुरुवारी मी पाण्यात उतरलो नाही. गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. नेव्हिल एकटाच गेला. प्रेश्नी कागदाच्या पुडीत इथल्या तिखट तळलेल्या शेवया घेऊन माझ्याशेजारी ओट्यावर येऊन बसली.

"गुडघा दुखतोय की डोकं?"

"तुला सांगितलं वाटतं त्यानं."

"सांगितलं. मी त्याला म्हटलं, तू गाढव आहेस. वर म्हटलं, खरं सांगायला गाढवालाही तेवीस वर्षं लागत नाहीत." तिनं शेवया माझ्यापुढे धरल्या. "खा. उपाशीपोटी रागावू नका, पित्त होतं."

मी खाल्लं. मग म्हटलं, "प्रेश्नी, ती मैत्री होती की उपकारफेड?"

"मला काय विचारता? त्याला विचारा."

"आणि तो म्हणाला मैत्री, तर विश्वास ठेवू?"

तिनं बोटं कागदाला पुसली. "बाबा, माझ्या पणजोबांना भारतातून ऊस तोडायला आणलं होतं, तेव्हाही गोऱ्यांनी काहीबाही कबूल केलं होतं म्हणे. कुणाच्या शब्दावर विसंबून राहायला मी सांगणार नाही. पण विचारा. न विचारता घरी गेलात तर रविवारी पाचला काय करणार आहात?"

शुक्रवार आमचा शेवटचा दिवस. वारा असा सुटला होता की नारळाची झाडं वाकून बोलत होती. जोस्लँनं आधीच ठरवून टाकलं होतं की दोन म्हाताऱ्यांनी त्याची जोडहोडी न्यायची, पुढे मी आणि मागे नेव्हिल. त्याला आमच्यातलं काहीच माहीत नव्हतं. होडी पाण्याच्या कडेला लावून तो कमरेवर हात ठेवून उभा होता. नेव्हिल तिच्यापासून चार पावलं लांब.

"तू नको म्हणालास तर मी एकट्याची घेतो," तो हळूच म्हणाला.

"बस," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर बोलायला उसंतच नव्हती. तसल्या पाण्यात दोघांचं वल्हं एकदम पडलं नाही तर होडी लगेच जाणवून देते. आमचं पडत होतं. राग होता तरी पडत होतं, खांद्यांना तो कळलाच नव्हता. अर्धं अंतर गेल्यावर दोन लाटांच्या मध्ये जरा सपाट पाणी मिळालं. मी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. जोडहोडीत पुढच्याला मागचा दिसत नाही, ते एक बरं.

"रविवारी पाचला यायचास. ते का?"

"पहिलं वर्ष त्यामुळेच," तो म्हणाला. "तुझ्या डोळ्याला डोळा भिडवता येत नव्हता, म्हणून गाडी घेऊन यायचो. नंतर नाही. नंतर तू आजारी असलास की मीही घरी झोपायचो. तुझ्याशिवाय मजा नव्हती. मग जितकी मजा वाढली तितकं सांगायला अवघड होत गेलं."

तो "सगळं मैत्रीनंच केलं" म्हणाला असता, तर मी त्याच्यावर विश्वास ठेवला नसता.

"फलकावरचं नाव बदलायचं," मी म्हटलं.

"हो."

"गुपचूप नाही. सभेत उभं राहून सांगायचं. तुझ्या तोंडून."

"हो."

"आणि तुझ्या बाबांना. आहेत अजून."

त्याचे वडील नव्वदीचे, त्या पेपरचं कात्रण चौकटीत लावून बसलेले. "हो," तो शेवटी म्हणाला. "एवढंच?"

"एवढंच कसलं? ही सुरुवात आहे. वल्हं उचल, लाट येतेय."

खिंडीपाशी आम्ही थांबलो. एक मोठी आली, मोहात पाडणारी. मी दातओठ खाऊन तिला जाऊ दिलं. "आत्ता!" नेव्हिल ओरडला, आणि तिच्या पाठीमागच्या फेसातून आम्ही सरळ आत आलो. आतल्या हिरव्या पाण्यात प्रेश्नी आधीच पोहोचली होती, नाचल्यासारखी वल्हं हलवत होती. आम्हाला मागे टाकल्याचा आनंद, दुसरं काय!

किनाऱ्यावर पाय टेकताच नेव्हिलनं जोस्लँकडून फोन मागून घेतला आणि क्लबाच्या सेक्रेटरीला लावला. त्याचा स्वतःचा फोन खोलीत होता, पण तिथपर्यंत जायलाही तो थांबला नाही. "पुढच्या सभेत मला बोलायचंय," तो म्हणत होता, "नाही, वर्गणीबद्दल नाही." मी पाठ फिरवून होडी धुवायला घेतली.

सभा ऑगस्टात झाली. दोन जुने सभासद म्हणाले, इतक्या वर्षांनी हे उकरून काय मिळणार. एक जण उठून निघूनच गेला. नेव्हिल उभा राहिला आणि मनोऱ्यामागच्या त्या पोरीपासून सगळं सांगितलं, कानापर्यंत लाल होऊन. पण वडिलांना सांगणं त्याला त्याहून जड गेलं. त्यांनी कात्रण काढलं नाही, मुलाशी आठवडाभर बोलले नाहीत, आणि मग एका दुपारी मला चहाला बोलावलं. काय बोललो ते आमच्या दोघांत.

फलक रंगवणाऱ्यानं माझं आडनाव चुकवलं. प्रेश्नीनं त्याला परत पाठवलं. मग बरोबर लिहिलं.

पहिले दोन महिने मी रविवारी बसनं जात होतो. नेव्हिलनं आग्रह केला नाही, ते बरं केलं. ऑक्टोबरात एकदा पाऊस होता, बस चुकली, आणि मीच त्याला फोन लावला. आता तो परत येतो पाचला. पूर्वीइतकं आम्ही बोलत नाही, पण जे बोलतो ते खरं असतं, आणि एवढं मला पुरतं.

यंदाच्या नव्या जीवरक्षकांची तुकडी आली, सोळा मुलंमुली, कुणी उमलाझीची, कुणी चॅट्सवर्थच्या भारतीय वस्तीतली, कुणी समुद्राकाठच्या बंगल्यांतली. त्यांनी फलक पाहून विचारलं, पंच्याऐंशी साली काय झालं? मी सांगायला लागलो. मुलगी स्कीवर घेऊन किनाऱ्याला आणण्यापर्यंत आलो आणि थांबलो.

"इथून पुढचं माझ्याकडे," नेव्हिल म्हणाला, आणि खुर्ची पुढे ओढून सांगायला लागला.