बाकी काहीही आलं तर

"डुलकी लागली असेल त्या ऑपरेटरला, दुसरं काय," मॅनेजर दारातूनच म्हणाला आणि चालता झाला.

शीतगृहाचा प्रोग्रामर पुन्हा पडद्याकडे वळला. समोर त्याचाच प्रोग्राम उघडा होता. थंडाव्यासाठीचा बिनवासाचा वायू गळला की गळती ओळखणाऱ्या यंत्रानं गळतीचा इंग्रजी शब्द पाठवायचा, प्रोग्रामनं तो नमुन्याशी ताडून पाहायचा आणि जुळला की भोंगा वाजवायचा, इतका साधा कारभार. पण मध्यंतरी नवं यंत्र बसलं आणि ते तोच शब्द कॅपिटलमध्ये पाठवू लागलं. नमुना लहान अक्षरांतला, त्यामुळे प्रोग्रामच्या लेखी तो शब्दच निराळा.

तो ज्या फंक्शनल भाषेत प्रोग्राम लिहायचा, ती तशी खडूस. प्रत्येक शक्यतेचं काय करायचं ते सांगितलं नाही तर कुरकुर करत राहते. तिचं तोंड बंद करायला त्यानं शेवटी एक ओळ टाकली होती: बाकी काहीही आलं तर काही करू नकोस. सगळेच टाकतात. गळतीचा इशारा त्या ओळीत जाऊन पडला आणि पाळीवरचा ऑपरेटर भर दुपारी गुदमरून गेला.

आता त्यानं आलेला शब्द आधी लहान अक्षरांत करून मग ताडायला लावला. बस्स, एवढंच. एवढ्याशासाठी माणूस गेला. त्यानं चाचणीचा संदेश सोडला तसा भोंगा इमारतभर कोकलला.

दारात ऑपरेटरची बायको उभी होती. नवऱ्याच्या कपाटातलं सामान न्यायला आली होती. भोंगा थांबेपर्यंत ती जागची हलली नाही.

"भाऊ, एवढ्या जोरात वाजतो हा?"

"हो, वहिनी."

"मग यांना जाग कशी आली नाही? सासूबाई म्हणतात, माझा मुलगा कामावर झोपणाऱ्यातला नाही. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, साहेब काय खोटं बोलतील? तेव्हापासून घरात अबोला आहे."

प्रोग्रामरनं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. नोकरीही टिकली असती. खरं कारण मॅनेजरला तरी कुठे हवं होतं?

"त्या दिवशी तो वाजलाच नाही," प्रोग्रामर म्हणाला. "चूक माझी. माझा प्रोग्राम चुकला. ते झोपले नव्हते, वहिनी."

तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर त्याला हायसं वाटलं असतं. पण तिनं पिशवी खाली ठेवली, फोन लावला आणि त्याच्या हातात दिला.

"हे सासूबाईंना सांगा."

पलीकडून म्हातारा, थकलेला आवाज आला, "आता आणखी काय सांगायचं राहिलंय तुझं, सूनबाई?"