व्हर्लिन स्कारचे खिळे

ड्राय फोर्क गावात शेरीफ होता, पाद्री होता, दर गुरुवारी दातांचा डॉक्टरही येऊन जायचा. पण मान म्हणाल तर तो व्हर्लिन स्कारचा. कारण व्हर्लिन काडतुसं घरी भरायचा. माँटानात शिकार सगळेच करतात, त्यात मोठेपणा कसला. दुकानातली काडतुसं आणून हरीण पाडणारा म्हणजे खानावळीतून भाजी आणून सुगरण म्हणवून घेणारी बाई. रिकाम्या पितळी पुंगळीच्या बुडात आपल्या हातानं ठिणगी देणारी टोपी बसवायची, आत बंदुकीची दारू तोलून ओतायची, वर गोळी दाबायची आणि त्याच काडतुसानं डोंगरावरचा थोराड एल्क हरीण लोळवायचा, तेव्हा कुठे माणसाच्या शब्दाला वजन येतं.

व्हर्लिनच्या शब्दाला इतकं वजन होतं की लोलाच्या कॅफेतलं खिडकीजवळचं टेबल कायमचं त्याचं झालं होतं. नवशिके पोरगे यायचे, टोप्या काढून उभे राहायचे.

"व्हर्लिन, माझ्या रायफलला दारू किती घालू?"

व्हर्लिन कॉफीचा घोट घ्यायचा. खिडकीतून डोंगराकडे बघायचा. सगळं टेबल श्वास रोखून थांबायचं.

"खालून सुरुवात कर. हळूहळू चढ. रायफल सांगेल."

संपलं. पुढे अवाक्षर नाही. आकडा म्हणून त्यानं आयुष्यात कुणाला सांगितला नाही, आणि आकडा सांगत नाही यातच लोकांना त्याची थोरवी दिसायची. पोरं घरी जायची, पुस्तक उघडून बसायची, कमीत कमी दारूपासून सुरुवात करायची, थोडी थोडी वाढवायची, आणि खरोखरच शिकायची. गाव चांगल्या काडतुसांसाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध झालं. श्रेय अर्थातच व्हर्लिनला.

खरं सांगायचं तर व्हर्लिनला आकडा माहीतच नव्हता. तरुणपणी त्यानं एकदा, फक्त एकदा, गॅरेजात काडतूस भरायला घेतलं होतं. टोपी वाकडी बसली, यानं वरून जोर केला आणि ती हातातच उडाली. बोटं वाचली, भुवया गेल्या. गावाला सांगितलं, मटण भाजताना शेगडी भडकली. त्या दिवसापासून काडतुसं भरायच्या यंत्राला त्याचा हात लागला नाही. काडतुसं तो मागवायचा. चांगली, महागडी, कारखान्यातली. खोक्यातून काढायची, चकाकी जावी म्हणून कॉफीच्या चोथ्यात घोळवायची आणि प्लास्टिकच्या डब्यात रांगेत उभी करायची. बुडावर कंपनीचा छाप असायचा, पण जुन्या पुंगळ्या पुन्हा भरणाऱ्यांच्या काडतुसांवरही तो असतोच. शंका घ्यायचं कुणाला कारणच नव्हतं.

खोकी घेऊन यायची रोंडा केटलसन. पार्सल कंपनीची तपकिरी गाडी चालवायची, चाळिशी ओलांडलेली, बोलायला कमी, ओझं उचलायला दांडगी.

"काय हो एवढं जड, व्हर्लिन?" तिनं पहिल्या वेळी विचारलं होतं.

"खिळे. कुंपणाचे."

"बरं. सही करा."

पुढं दरवर्षी उन्हाळा सरता सरता ती दारात उभी राहायची आणि म्हणायची, "खिळे आले." एकदा एवढंच म्हणाली, "कुंपण मोठं आहे तुमचं." व्हर्लिन हसला होता. बाई साधी आहे, तिला काय कळतंय, असं त्याला वाटायचं. खोक्यावर काडतुसांच्या कंपनीचं नाव ठळक छापलेलं असायचं, हे मात्र त्याच्या डोक्यात कधी आलं नाही. शहाण्या माणसाला वाटतं, वाचता फक्त आपल्यालाच येतं.

रोंडाचा बाप ओरिन. तोही काडतुसं भरायचा, पण गाजावाजा न करता. एका सकाळी त्यानं लोलाच्या टेबलावर आपलं एक काडतूस ठेवलं आणि व्हर्लिनला विचारलं, कसं वाटतं. व्हर्लिननं ते बोटांत फिरवलं, डोंगराकडे बघितलं आणि म्हणाला, "सशाला दचकवायला ठीक आहे, ओरिन." सगळं टेबल खदखदून हसलं. ओरिनही हसला. त्यानंतर तो कॅफेत आला नाही. घरीच कॉफी प्यायचा. गेल्या हिवाळ्यात वारला.

या वर्षी मूसच्या परवान्याच्या सोडतीत रोंडाचं नाव निघालं. घोड्याहून दांडगं ते जनावर, आणि परवाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. लोक जन्मभर अर्ज करतात आणि कोरडेच मरतात. दुसऱ्याच दिवशी रोंडा गणवेशातच कॅफेत शिरली आणि व्हर्लिनच्या टेबलासमोर उभी राहिली.

"बाबांच्या रायफलनं मारायचा म्हणते," ती म्हणाली. "पण त्या मापाची काडतुसं आता कुणीच बनवत नाही. रिकाम्या पुंगळ्या आहेत घरी. तुम्ही भरून द्याल?"

गस टॉफ्टे, जनावरांच्या खाद्याच्या दुकानाचा मालक आणि व्हर्लिनचा पहिला चेला, म्हणाला, "देईल म्हणजे काय! व्हर्लिननं नाही द्यायचं तर कुणी द्यायचं?"

कुणीच बनवत नाही, म्हणजे मागवायची सोय नाही. कॉफीचा चोथा आता कामाचा नव्हता.

"दे आणून," तो म्हणाला. डोंगराकडे बघायला मात्र विसरला.

आता मदत शोधायची होती. ती मागायची कशी? ज्यानं गावाला शिकवलं त्यानं कुणाच्या दारात जाऊन म्हणायचं की बाबा रे, मला शिकव? व्हर्लिननं युक्ती काढली. तो गसच्या गॅरेजात गेला आणि हात मागे बांधून म्हणाला, "बघू, तू काय शिकलास. समज, माप जुनं आहे, पुस्तक हाताशी नाही. दारू किती घालशील?"

गसचे डोळे भरून आले. गुरू परीक्षा घ्यायला घरी आला होता. तो ताठ उभा राहिला.

"खालून सुरुवात करीन," तो म्हणाला. "हळूहळू चढेन. रायफल सांगेल."

"ते झालं रे. पण आकडा?"

गस हसला. "तू मला फसवतोयस, व्हर्लिन. आकडा विचारणाऱ्याला तू दारात उभं करत नाहीस, मला माहीत नाही का?"

व्हर्लिन तिथून दुसऱ्याकडे गेला. तिथंही तेच. शेवटी बायकोच्या संगणकावरून, खोट्या नावानं, शिकाऱ्यांच्या एका गटात त्यानं विचारलं. लगेच उत्तर आलं: 'आमच्या गावात एक थोर माणूस आहे, तो म्हणतो, खालून सुरुवात करा.' खाली गसचा फोटो. व्हर्लिननं संगणक बंद केला. पेरलं तेच उगवलं होतं, आणि पीक जोमदार होतं.

सरळ जाऊन रोंडाला नाही म्हणता आलं असतं. पुस्तकं होती, शहरात वर्ग चालत होते, गसला खरं सांगितलं असतं तर त्या भल्या माणसानं रात्रभर बसून शिकवलं असतं. पण मग खिडकीजवळचं टेबल? ते गेलं तर व्हर्लिनपाशी उरत काय होतं? एक म्हातारा, आणि टोपीला घाबरणारा. या विचारानं त्याला खरोखर रडू आलं, आणि रडून झाल्यावर जे सुचलं ते चांगल्या माणसाला सुचू नये असं होतं.

दारू घालायचीच नाही. टोपी बसवायची, वर गोळी बसवायची, आत काही नाही. टोपीचा नुसता फट् आवाज होईल, गोळी दोन बोटं सरकून नळीत अडकेल. मग मान हलवून म्हणायचं, पोरी, तुझ्या बापाची रायफल गेली कामातून. ओरिनला बिचाऱ्याला निगा राखता आली नाही. मेलेला माणूस तक्रार करत नाही.

गॅरेजात तो डोक्यावर मोटारसायकलचं हेल्मेट आणि हातात ओव्हनचे जाड मोजे घालून बसला. बायको आर्लिस दारात उभी होती.

"काय करतोयस?"

"काडतुसं भरतोय."

"तू?" ती म्हणाली. "टोस्टरचा खटका उडाला तरी तू मागे सरतोस."

"आत जा."

ती आत गेली. तीस वर्षं ती आतच होती.

शनिवारी काडतुसं पारखायला नेमबाजीच्या माळावर सगळे जमले. गावातल्या शिकारी क्लबचा एक जुना रिवाज होता, भरणाऱ्याचा खांदा पहिला. ज्यानं काडतूस भरलं, पहिला बार त्यानंच काढायचा. रोंडा ड्यूटीवरच होती, तपकिरी गाडी कुंपणाशी लावून आली. तिनं बापाची रायफल कापडातून सोडवून व्हर्लिनच्या हातात दिली आणि काडतुसांसाठी तळहात पुढे केला.

"बघू तर द्या एक."

व्हर्लिननं दिलं. रोंडानं ते तळहातावर किंचित उडवून झेललं. मग कानापाशी नेऊन हलवलं. मग खिशातून तसंच दुसरं काडतूस काढून दुसऱ्या तळहातावर ठेवलं.

"हे बाबांनी मला शिकवलं तेव्हा मी भरलेलं," ती म्हणाली. "गस, जरा धरा दोन्ही."

गसनं धरली. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू आधी थांबलं, मग गेलं. त्यानं ती शेजारच्याला दिली, त्यानं पुढच्याला. गावातले सगळे चांगले भरणारे होते. हातात घेतल्याबरोबर प्रत्येकाला कळत होतं.

"जन्मभर वजनंच उचलतेय मी," रोंडा म्हणाली. "यात दारूच नाही, व्हर्लिन."

"खालून सुरुवात केली त्यानं," मागून कुणीतरी म्हणालं. "फारच खालून."

कुणी हसलं नाही.

"गोळी नळीत अडकली असती, मग नळीच खराब झाली म्हणणार होतात ना?" रोंडानं विचारलं. "बाबांनी निगा राखली नाही म्हणून?"

रोंडा गाडीकडे गेली, मागचं दार उघडलं आणि एक खोकं खांद्यावर घेऊन आली. ते तिनं त्याच्यासमोर बाकावर ठेवलं, छापील बाजू वर करून.

"खिळे आले," ती म्हणाली. "सही करा."

मी आजवर कुणाला काही बोलले नाही, असं ती म्हणू शकली असती, आणि ते खरं होतं. इतकी वर्षं तिनं कुणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं. तिचं काम खोकं पोचवायचं, ते तिनं केलं.

व्हर्लिननं सही केली. गस वाकला, खोक्यावरचं नाव सावकाश वाचलं. त्याला राग आला नव्हता. तो दुखावला होता, आणि ते पाहणं अवघड होतं.

"व्हर्लिन," तो म्हणाला, "या कारखान्याच्या काडतुसात दारू किती असते रे?"

सवयीनं व्हर्लिनची नजर डोंगराकडे गेली. सगळे थांबले, नेहमीसारखे.

"माहीत नाही," तो म्हणाला.

रोंडानं त्याच्या हातातून रायफल घेतली, स्वतःचं काडतूस घातलं, स्वतःच्या खांद्याला लावली आणि बार काढला. लांबवरच्या फळीवर बरोबर मधोमध भोक पडलं. तिनं रिकामी पुंगळी उचलून खिशात टाकली आणि रायफल कापडात गुंडाळली. अजून बरीच पार्सलं पोचवायची होती. गाडीत चढताना ती वळली.

"शिकायचं असेल तर मंगळवारी संध्याकाळी या. बाबांचं टेबल अजून तसंच आहे. आणि ते हेल्मेट घरीच ठेवा, आर्लिसनं सांगितलं मला." तिनं गाडी सुरू केली. "घाबरू नका. खालून सुरुवात करू."