शून्यापासून मोजणारी आई

“पुन्हा मोज,” आई म्हणाली.

मी तिसऱ्यांदा पेन्सिलीचं टोक कागदावर ठेवलं. कागदभर फक्त चारच अक्षरं. ए, टी, जी, सी. उलटीसुलटी, न थांबता, मुंग्यांच्या रांगेसारखी. माणसाच्या जनुकांतली ही अक्षरं आई संगणकावर वाचते, विद्यापीठात मुलांना वाचायला शिकवते. एकवीस वर्षं! मला एक धडा वाचताना चार जांभया येतात.

“सदतिसावं काय आलं?”

“टी.”

“जी नाही?”

“जी त्याच्या पुढचं. अडतिसावं. अगं आई, दहावीत आहे मी, मला सदतीसपर्यंत मोजता येतं!”

एरवी ती हसली असती. आज तिनं फक्त खुर्ची मागे सरकवली आणि बसली. इस्त्रीची साडी, एका कानात कुडी, दुसरी मुठीत. अकरा वाजता तिची विभागप्रमुखपदाची मुलाखत होती आणि आत्ता साडेनऊ वाजले होते. आईला घाबरलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. तो प्रांत माझा होता.

सकाळी तिच्या संगणकावर एक पत्र आलं होतं. दुसऱ्या कुठल्या विद्यापीठातल्या विद्यार्थिनीचं. ‘मॅडम, बहुतेक माझंच चुकत असेल, पण तुमच्या यादीतली प्रत्येक जागा एका घराने मागे दिसते.’

यादी म्हणजे आईची ती प्रसिद्ध यादी. लहान मुलांचे स्नायू हळूहळू लुळे पाडणारा एक आजार आहे. कोणत्या एक्केचाळीस जागी अक्षर बदललं की तो होतो, हे आईनं नऊ वर्षांपूर्वी शोधलं होतं. तिला मिळालेलं सगळं नाव त्या यादीमुळे.

आता गंमत अशी (गंमत कसली, डोंबल!) की आई शून्यापासून मोजते. संगणकाच्या कामात पुष्कळ ठिकाणी तसंच मोजतात, पहिल्याला शून्य म्हणतात. आमच्या जिन्याला तिच्या मते पंधरा पायऱ्या, माझ्या मते सोळा. मी चालायला लागल्यापासून आमचं यावरून भांडण आहे. पण बाकीचं जग एकपासून मोजतं, आणि यादी छापायला देताना प्रत्येक आकड्यात एक मिळवायचा ती विसरली होती. म्हणून यादीतलं सदतिसावं माझ्या कागदावर अडतिसावं निघालं.

“एकच तर घर चुकलंय,” मी म्हणाले.

“सोमवारपासून इस्पितळात याच यादीवरून बाळांची तपासणी सुरू होणार आहे.” आईचा आवाज कोरडा पडला होता. “यंत्र शेजारचं अक्षर बघेल. सांगेल, बाळ ठणठणीत आहे. औषध वेळेत सुरू झालं तरच उपयोग असतो गं.”

मला एकदम हुशारी सुचली. म्हणजे तेव्हा ती हुशारीच वाटली.

“मग मुलाखतीनंतर सांग ना! सोमवारला दोन दिवस आहेत. तोपर्यंत कुणाला कळतंय?”

आईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

“पहिला प्रश्न याच यादीवर विचारतील. मग काय करू? गोड हसून उत्तर देऊ?”

माझ्याच बोलण्याची मला भीती वाटली.

तिनं मुठीतली कुडी माझ्या तळहातावर ठेवली आणि फोन उचलला. दोनदा चुकीचा आकडा दाबला. तिसऱ्यांदा लागला.

“डॉक्टर, सोमवारी तपासणी सुरू करू नका. यादी चुकली आहे... नाही, तुमच्या लोकांचं काही चुकलेलं नाही. चूक माझी आहे.”

पलीकडून डॉक्टर बराच वेळ बोलत होते. आई “हो” म्हणत होती. नुसतं “हो, हो.” दुसऱ्या हातानं ती टेबलावरचा कागद सरळ करत होती. मी त्या हातावर माझा हात ठेवला.

“येतेस बरोबर?” फोन ठेवून तिनं विचारलं.

मी शाळेचे बूट चढवले. वर्गात माझी बडबड थांबवायला बाईंना डस्टर आपटावा लागतो, पण विद्यापीठापर्यंत मी नुसते रस्त्यावरचे दिव्याचे खांब मोजत गेले. माझ्या मोजण्याच्या खुणांचा तो कागद आईनं पर्समध्ये न ठेवता हातातच धरला होता.

मुलाखतीची खोली वरच्या मजल्यावर होती. जिन्याशी विभागाचे कारकून भेटले. “या मॅडम! पेढे आजच ना?”

“आधी आत जाऊन येते,” आई म्हणाली. तिनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि पुटपुटली, “एक.”

आयुष्यभर मला तिच्या तोंडून हेच ऐकायचं होतं. आता ऐकवेना.

मी मागून मोजत राहिले. वर पोचलो तेव्हा आम्हा दोघींचा आकडा एकच आला, बावीस. तिनं पदर सारखा केला, कागद पुढे धरला आणि दार ढकललं.

दार बंद झाल्यावर मी मूठ उघडली. तिची कुडी माझ्याकडेच राहिली होती.